आवाज वाढवू नका, इअरफोन बदला

दहा बाय बाराची खोली. रात्रपाळी करून आलेले वडील झोपलेले, ताईचा परीक्षेचा अभ्यास चाललेला आणि धाकट्याला गाणी ऐकायची आहेत. अशा घरात इअरफोन ही चैन नाही, गरज आहे. आपल्या गाण्याने दुसऱ्याची झोप मोडू नये, एवढा विचार त्यामागे असतो. पण गाणे एका तऱ्हेचे आणि इअरफोन दुसऱ्या तऱ्हेचा असला, की मनासारखे ऐकू येत नाही. मग आपण आवाज वाढवतो. नुकसान तिथूनच सुरू होते.

कानाच्या आतल्या शंखाकृती भागात केसासारखे तंतू असलेल्या सुमारे १५ हजार नाजूक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. कोणत्याही औषधाने त्या परत येत नाहीत. म्हणून ऐकायचे काय, त्याप्रमाणे इअरफोन निवडावा.

वंदना, व्याख्यान, अभ्यासाचे धडे: इथे फक्त माणसाचा आवाज स्पष्ट हवा. घरात शांतता असेल तर रबर नसलेला साधा इअरफोन पुरतो. दारावरची हाकही ऐकू येते.

भीमगीते, कव्वाली, शाहिरी: वामनदादा कर्डकांची गीते असोत की प्रल्हाद शिंदे यांच्या कव्वाल्या, इथे शब्द महत्त्वाचे. त्यामागे ढोलकी, पेटी आणि टाळ्या. 'एक्स्ट्रा बेस' लिहिलेल्या इअरफोनमध्ये ढोलकीचा घुमारा शब्दांवर चढतो आणि शब्द ऐकण्यासाठी आपण आवाज वाढवतो. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांत खरखर असते. फार तीक्ष्ण आवाजाच्या इअरफोनमध्ये ती जास्तच टोचते. अशा गाण्यांना साध्या, समतोल आवाजाचा इअरफोन बरा.

डीजे, रिमिक्स, सिनेमाची नाचाची गाणी: बेस हवा तर कानात नीट बसणारे रबर हवे. रबर सैल असले की बेस बाहेर निसटतो. खोक्यात बहुधा लहान, मध्यम, मोठे असे तीन मापांचे रबर मिळतात. तिन्ही लावून पाहा. दोन्ही कानांना वेगळे मापही लागू शकते. योग्य रबर लावले की कमी आवाजातही ठोका भरीव ऐकू येतो.

आता प्लेअरशी जोडीचे पाहू. छोटा प्लेअर किंवा मोबाईल यांची ताकद कमी असते. खोक्यावर १६ ते ३२ ओहम लिहिलेला इअरफोन त्यांना चालतो. स्टुडिओतले २५० ओहमचे हेडफोन स्वस्तात मिळाले तरी छोट्या प्लेअरवर त्यांचा आवाज बहुधा दबकाच येतो. इअरफोन बदलला की आवाज आधी अगदी खाली आणा, मगच कानात घाला. जुन्या हळू गाण्यानंतर नवे रिमिक्स लागले तर एकदम दणका बसतो, तिथेही हीच सवय ठेवा.

किती वेळ ऐकावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबल वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. ९० ला जेमतेम ४ तास उरतात. मोजायचे यंत्र आपल्याकडे नसते, पण सोपी खूण आहे. हातभर अंतरावरचा माणूस नेहमीच्या आवाजात बोलला आणि तुम्हाला ऐकू आले नाही, किंवा तुमचे गाणे शेजारच्याला ऐकू आले, तर आवाज जास्त आहे. आवाज ६० टक्क्यांच्या खाली ठेवा आणि तासाभराने कानांना विश्रांती द्या.

लोकल, बस, कारखाना अशा गोंगाटात साध्या इअरफोनचा आवाज हमखास वाढवला जातो. तिथे रबराचा बरा, कारण तो बाहेरचा गोंगाट अडवतो. पण म्हणूनच रस्ता किंवा रूळ ओलांडताना तो कानातून काढलाच पाहिजे. गाडीचा भोंगा ऐकू आला नाही तर जीव जातो.

रबर आठवड्याला काढून साबणाने धुवा आणि पूर्ण वाळवून लावा. एकमेकांचे इअरफोन वापरू नका. कान वाहत असेल तर इअरफोन बंद. कानात तेल, काडी, पिन घालू नका.

गाणे थांबल्यावर कानात शिट्टी वाजत राहते, टीव्हीचा आवाज सारखा वाढवावा लागतो, 'काय म्हणालात?' असे वारंवार विचारावे लागते, ही धोक्याची लक्षणे आहेत. सरकारी रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात तपासणी करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. उपचार पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाले तर ऐकू येणे परत मिळण्याची आशा जास्त असते.

आज रात्री घरातल्या मुलाचा इअरफोन एकदा स्वतःच्या कानाला लावून पाहा. आवाज किती ठेवलाय, ते लगेच कळेल.