आटलेल्या गाईचा खुराक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दोन-चार संकरित गाईंच्या गोठ्यात खुराकाचा हिशेब बहुधा बादलीतल्या दुधावर चालतो. गाय पंधरा लिटरवर असली की पाच-सहा किलो पेंड, आठ लिटरवर आली की तीन, आणि आटवली की पेंड बंद. मग कडबा आणि उसाचे वाढे यांवर तिचे दोन महिने निघतात. डेअरीचे बिल दर दहा दिवसांनी येते, पशुखाद्याची गोणी त्याच बिलातून कापली जाते आणि त्या बिलात आटलेल्या गाईचा एक रुपयाही नसतो. त्यामुळे ही काटकसर समजण्यासारखी आहे, पण ती नेमकी चुकीच्या जागी होते. खुराक म्हणजे आजच्या दुधाचा मोबदला, या एका समजुतीतून विण्याच्या आगेमागे होणाऱ्या बहुतेक चुका निघतात. विण्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन आठवडे हा हिशेब उलटा धरावा लागतो. या काळात आधी खुराक जातो, दूध त्याच्या मागून येते.

आटलेली गाय नुसती बसून असते, तिला काय लागते, हा पहिला गैरसमज. प्रत्यक्षात वासराच्या जन्मवजनाचा ढोबळमानाने दोन तृतीयांश भाग शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत भरतो. याच काळात कासेतल्या दूध तयार करणाऱ्या झिजलेल्या पेशी नव्याने घडतात. साठ दिवस आटवायचे ते त्यासाठीच. गरज अशी वाढत असताना विणे जवळ आले की गाईचे खाणे मात्र कमी होत जाते आणि शेवटच्या दिवसांत ते बरेच घटते. कमी खाण्यात जास्त पोषण बसवायचे, तर नुसत्या कडब्याने ते होत नाही. शिवाय कोठीपोटातल्या जिवाणूंचाही प्रश्न असतो. वाळल्या चाऱ्यावर वाढणारे जिवाणू वेगळे, धान्य आणि पेंड पचवणारे वेगळे. ही फौज बदलायला आणि कोठीपोटाच्या आतले अस्तर नव्या खुराकाला तयार व्हायला काही आठवडे लागतात. दोन महिने कडब्यावर ठेवलेल्या गाईपुढे व्यायल्याबरोबर सहा किलो पेंड ठेवली, की पोटात आम्ल वाढते, गाय चारा टाकते, शेण पातळ होते, पुढे खूर दुखू लागतात. मग पेंड बाधली असे म्हणून पेंडीलाच दोष दिला जातो. व्यायलेल्या गाईला कोमट कोंडा आणि थोडा गूळ द्यायला हरकत नाही. घमेलेभर शिजवलेली बाजरी मात्र हेच नुकसान करते. विण्याआधी तीन आठवडे अर्ध्या किलोपासून सुरुवात करावी, चढवत दोन-अडीच किलोंपर्यंत न्यावे आणि व्यायल्यावर एक-दोन दिवसांआड अर्धा किलो वाढवावा. इतके साधे आहे ते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की गाभण गाईला खुराक दिला तर वासरू मोठे होते आणि गाय अडते. वासराचा आकार मुख्यतः जातीवर आणि रेतन कोणत्या वळूचे केले त्यावर ठरतो. कालवड लहान असेल आणि रेतन मोठ्या जातीचे असेल तर अडण्याचा धोका खराच. पण आईला उपाशी ठेवून तो टळत नाही. गर्भ आपला वाटा आईच्या अंगातून काढून घेतो. झिजते ती आई, आणि अशक्त गाईला कळा द्यायला जोर उरत नाही. आक्षेपात तथ्य आहे ते दुसऱ्या बाजूने. अति माजलेली गाय खरोखर अडते आणि व्यायल्यावर तिचे खाणेही जास्त घटते. म्हणून अंग पाहावे: बरगड्या दुरून मोजता येऊ नयेत, पण तळहाताने दाबल्यावर हाताला लागाव्यात. शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाद्या दिसत असतील तर खुराक आवरावा. मात्र पोट मारून शेवटच्या महिन्यात तिला बारीक करायला जाऊ नये, कारण तेव्हा अंगावरची चरबी यकृतात साठते आणि कितनबाधेला (किटोसिसला) वाट मोकळी होते.

सर्वात महागात पडणारा गैरसमज कॅल्शियमचा आहे. दुग्धज्वर होऊ नये म्हणून नवव्या महिन्यात कॅल्शियमच्या बाटल्या पाजल्या जातात, आणि हेतू चांगला असूनही परिणाम उलटा होतो. गाईच्या रक्तात एका वेळी फिरणारे कॅल्शियम जेमतेम तीन ग्रॅमच्या आसपास असते. एक लिटर चिकात दोन ग्रॅमहून जास्त जाते. पहिल्याच दिवशी आठ लिटर चीक निघाला, तर रक्तातला साठा पाच वेळा रिकामा होईल इतके कॅल्शियम कासेत उतरते. ही तूट भरायची असते हाडांतल्या साठ्यातून आणि आतड्यातल्या शोषणातून, आणि ती यंत्रणा चालवणारे संप्रेरक गरज भासल्यावरच कामाला लागते. रोज बाटलीतून आयते कॅल्शियम मिळाले तर ही यंत्रणा सुस्त राहते आणि ऐन वेळी जागी व्हायला दोन-तीन दिवस घेते. तेवढ्यात गाय बसते. कान आणि पाय गार पडतात, मान पोटाकडे वळते. पोटॅशियमही असाच घात करते. गोठ्याचे शेण-मूत ज्या तुकड्यात सोडले जाते तिथल्या हत्तीघासात आणि लसूणघासात ते भरपूर असते. त्याने रक्ताची आम्लता बदलते आणि हाडे त्या संप्रेरकाला दाद देत नाहीत. शेवटच्या तीन आठवड्यांत लसूणघास बंद, बाटली बंद. मका किंवा कडवळ, कडबा आणि बेताचा खुराक, हे सोपे आणि स्वस्त. मग उसाच्या वाढ्यांचे काय, असे ऊस पट्ट्यातला शेतकरी विचारेल, आणि त्याचे विचारणे रास्त आहे. वाढ्यातले ऑक्झॅलेट चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे वर्षभर वाढ्यांवरच असलेल्या गाईच्या हाडांतला साठा आधीच रोडावलेला असतो. तो भरायची वेळ मात्र गाय दुधात असतानाची आहे, रोजच्या खनिज मिश्रणातून. व्यायल्याबरोबर तोंडावाटे कॅल्शियम देणे उपयोगाचेच असते. शिरेतून देण्याचे काम पशुवैद्यकाचे; ते घाईने गेले तर हृदय बंद पडू शकते.

वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजू नये, ही समजूत अजूनही गावोगावी आहे आणि ती वासरांच्या जिवावर उठते. गाईच्या गर्भाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून मिळत नाहीत, ती मिळतात चिकातून. आणि आतड्याची ती शोषून घेण्याची ताकद तासातासाने घटत एका दिवसात संपते. पहिल्या एक-दोन तासांत चीक पोटात जायलाच हवा. वासरू लुचल्याने गर्भाशय आकुंचन पावते, म्हणजे वार पडायला मदतच होते. व्यायलेल्या गाईचे पाणी तोडणे तितकेच चुकीचे. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. कासेत येणारे ते पाणी गाईने प्यायलेलेच असते.

उन्हाळ्याचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. पंखा आणि फवारा दुभत्या गाईंवर, आणि आटलेली गाय बाहेर खुंट्याला, हे दृश्य सर्रास दिसते. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी आटलेल्या काही गाई थंडाव्यात आणि काही उष्म्यात ठेवून तुलना केली, तेव्हा थंडाव्यातल्या गाईंनी पुढच्या वेतात जास्त दूध दिले. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हे आणखी जपायला हवे. सावली, समोर सतत पाणी, आणि खुराक पहाटे व दिवस मावळल्यावर.

देशी गाई हे काहीही न करता निभावतात, असेही म्हटले जाते. खिल्लार किंवा डांगी गाय कमी दूध देते, म्हणून तिच्यावर हा ताण कमी पडतो, हे खरे. पण वीस लिटरच्या संकरित गाईला तिचा नियम लावता येत नाही. उरतो पैशाचा आक्षेप. दोन किलोंप्रमाणे एकवीस दिवसांचे ४२ किलो होतात, म्हणजे पन्नास किलोंची एक गोणीही पूर्ण लागत नाही. त्यासमोर बसलेल्या गाईच्या सलाइनचा खर्च, अडकलेली वार, आणि अंग उतरल्यामुळे लांबलेला माज मांडून पाहावा. माज चुकला की प्रत्येक वेळी एकवीस दिवसांचा निव्वळ चारा जातो.

तुमच्या गोठ्यात सातव्या महिन्याची गाय असेल, तर रेतनाची तारीख शोधून तिच्या विण्याचा अंदाज काढा आणि त्याच्या तीन आठवडे आधीच्या तारखेवर कॅलेंडरात खूण करा. त्या दिवशी बाटली आणि लसूणघास थांबवा, आणि पेंडीचा पहिला अर्धा किलो तिच्या गव्हाणीत टाका.