लहान संकरित कुत्र्यांची घरगुती पैदास : आधी तपासणी, मग मिलन

शेताच्या व घराच्या राखणीसाठी कुत्रे पाळण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. अलीकडे मात्र मोठ्या गावठी कुत्र्यांबरोबरच अंगाने लहान व केसाळ कुत्रीही खेड्यांतील घरांतून दिसू लागली आहेत. 'पामेरियन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या कुत्र्यांचा गावठी अथवा अन्य लहान जातींशी संकर होऊन झालेल्या पिल्लांना शहरात गिऱ्हाईक मिळते. त्यामुळे घरच्या मादीचे एखादे वेत घेऊन संसारास थोडा हातभार लावावा, असे एखाद्या कुटुंबास वाटणे स्वाभाविक आहे. तथापि पिल्लू विकत घेणारा त्याच्याबरोबर आईबापांचे गुणदोषही घरी नेत असतो. यास्तव पैदाशीचे काम मादी माजावर येण्यापूर्वीच, नर व मादी यांच्या तपासणीपासून सुरू झाले पाहिजे.

संकर म्हणजे आरोग्याची हमी नव्हे

दोन जातींचा संकर केला की पिल्ले आपोआप निरोगी निपजतात, असा समज सर्वत्र रूढ आहे. शेतकऱ्यास या समजाचा खरेखोटेपणा संकरित ज्वारीच्या उदाहरणावरून सहज कळेल. सन १९६४ मध्ये 'सी.एस.एच.-१' हे संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले. ते जोमदार ठरले, कारण त्याचे दोन्ही मूळ वाण शास्त्रज्ञांनी पारखून, दोषी झाडे काढून टाकून शुद्ध केलेले होते. हाती लागतील ती दोन कणसे एकत्र करून तसे बियाणे तयार होत नाही. शिवाय संकरित पिकाचे दाणे पुढील वर्षी पेरल्यास पीक एकसारखे येत नाही, हाही शेतकऱ्याचा अनुभव आहे. कुत्र्यांच्या बाबतीतही हेच घडते. संकरित नर व संकरित मादी यांच्या पिल्लांत एक ठेंगणे, एक उंच, एक शांत तर एक चिडके निघते. गिऱ्हाइकास अमुकच प्रकारचे पिल्लू देऊ, असे वचन पैदासकाराने देऊ नये.

लंडन येथील रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये या विषयावरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुडल जातीपासून निर्माण केलेल्या तीन लोकप्रिय संकरांची त्यांच्या मूळ जातींशी निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत त्यांनी तुलना केली. सुमारे ८७ टक्के तुलनांत संकरित व मूळ जातींत फरक आढळला नाही. संकराने काही दोष झाकले जातात हे खरे. परंतु जो दोष दोन्ही मूळ जातींत आहे, तो संकराने जात नाही.

सुप्त दोष कसा उतरतो

दृष्टिपटल हळूहळू झिजत जाण्याचा एक आनुवंशिक रोग पुडल व कॉकर स्पॅनियल या दोन्ही जातींत आढळतो. कुत्र्यास प्रथम रात्री दिसेनासे होते व पुढे पूर्ण अंधत्व येते. हा दोष सुप्त स्वरूपाचा आहे. आई व बाप या दोघांकडूनही तो आला तरच पिल्लू आंधळे होते. एकाकडूनच आल्यास ते केवळ वाहक राहते व जन्मभर धडधाकट दिसते. दोन वाहकांचे मिलन झाल्यास प्रत्येक पिल्लू रोगी होण्याचा संभव चारात एक असतो, वाहक होण्याचा चारात दोन व दोषमुक्त असण्याचा चारात एक. दृष्टी बहुधा वयात आल्यावर अधू होत असल्याने रोग दिसण्यापूर्वीच त्या जनावराची एकदोन वेते होऊन गेलेली असतात. म्हणून नुसत्या डोळ्यांनी पाहून नर निवडणे पुरेसे नाही. रक्ताच्या किंवा गालाच्या आतील बाजूने पुसून घेतलेल्या नमुन्यावरून वाहक ओळखता येतो. ज्यांच्या वंशात पुडल किंवा कॉकर आहे, त्यांच्याबाबत ही परीक्षा पशुवैद्याच्या सल्ल्याने करून घ्यावी. वाहकाचे मिलन दोषमुक्त जोडीदाराशीच करावे.

मिलनापूर्वी करावयाच्या तपासण्या

लहान कुत्र्यांत सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे मागील पायाच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकणे. पामेरियन वंशात तो विशेष दिसतो. चालता चालता कुत्रे एक पाय उचलून दोनचार उड्या मारते व पुन्हा नीट चालू लागते. धनी त्याला खोडी समजून हसतो. वस्तुतः ते दुखण्याचे लक्षण असते. पशुवैद्य हाताने चाचपून हा दोष ओळखतो व तीव्रतेनुसार त्याच्या चार पायऱ्या ठरवितो. त्यास यंत्र लागत नाही. म्हणून ही तपासणी कोणीही टाळू नये. ज्याची वाटी सरकते, असा नर अथवा मादी पैदाशीस वापरू नये.

याखेरीज हृदयाचे ठोके ऐकून घ्यावेत, डोळे व दात पाहावेत. नराची दोन्ही अंडे खाली उतरलेली असावीत. एकच अंड उतरलेला नर पैदाशीस अयोग्य होय, कारण हा दोष पुढील पिढीत उतरतो. चावरा किंवा अतिशय भित्रा स्वभावही काही अंशी वंशातून येतो, ही गोष्ट लहान मुलांच्या घरी पिल्ले देणाऱ्याने विसरू नये.

रक्ताची एक परीक्षा मात्र नर व मादी या दोघांचीही आवश्यक आहे. 'ब्रुसेला कॅनिस' या जंतूमुळे मादी गाभण काळाच्या उत्तरार्धात गाभडते व नराला वंध्यत्व येते. हा रोग मिलनातून पसरतो, माणसासही होऊ शकतो आणि औषधाने तो खात्रीने बरा होत नाही. गायी-म्हशींच्या सांसर्गिक गर्भपाताचा जंतू याच कुळातील, परंतु निराळा आहे. गोठ्यात गाभडलेल्या गायीची वार खाल्ल्याने कुत्र्यास तोही जडू शकतो. यास्तव अशी वार व मृत गर्भ चुना टाकून खोल पुरावेत. कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत.

नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात यांपैकी बहुतेक तपासणी होऊ शकते. विशेष परीक्षेसाठी परळ, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयांकडे विचारणा करावी.

मादीचे वय, माज व जोडीदार

लहान जातीच्या माद्या सहा ते दहा महिन्यांच्या असतानाच पहिल्यांदा माजावर येतात. त्या वेळी त्यांची वाढ पूर्ण झालेली नसते. केंद्र शासनाच्या श्वान पैदास व विक्रीविषयक नियम, २०१७ अन्वये १८ महिन्यांखालील मादीचे मिलन करू नये, लागोपाठच्या दोन माजांत वेत घेऊ नये व एका मादीपासून जन्मात पाचांहून अधिक वेते घेऊ नयेत. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते. आठ आठवड्यांखालील पिल्लाच्या विक्रीसही या नियमांनी मनाई आहे.

माज सुमारे तीन आठवडे टिकतो. प्रथम आठनऊ दिवस रक्तस्राव होतो. त्यानंतर मादी नरास जवळ येऊ देते. या काळात ती एकाहून अधिक नरांशी लागल्यास एकाच वेतातील पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. गावातील मोकळ्या कुत्र्याशी मिलन झाल्यास तपासणीचा सर्व खटाटोप फुकट जातो. म्हणून तिन्ही आठवडे मादी घरात बंद ठेवावी. अंगणात बांधून ठेवणे पुरेसे नाही. नर मादीपेक्षा अंगाने मोठा नसावा, अन्यथा पिल्ले मोठी होऊन मादी विताना अडते. बाप-मुलगी, आई-मुलगा व भाऊ-बहीण यांचे मिलन कटाक्षाने टाळावे. सुप्त दोष एकत्र येण्यास त्याहून सोपा मार्ग नाही.

गाभण काळ व विणे

कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते. १ नोव्हेंबरला मिलन झाल्यास ३ जानेवारीच्या आसपास पिल्ले अपेक्षावीत. रोगप्रतिबंधक लसी मिलनापूर्वीच टोचून घ्याव्यात. गाभण मादीस अंगात कस यावा म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या देण्याचा मोह होतो, तो आवरावा. गाभण काळात बाहेरून कॅल्शियम दिल्याने शरीराची ते हाडांतून काढण्याची शक्ती मंदावते आणि व्याल्यानंतर दोनचार आठवड्यांनी, ऐन दुधाच्या भरात, मादीस झटके येण्याचा धोका वाढतो. दुभत्या जनावरांच्या दुग्धज्वराचाच हा प्रकार असून लहान अंगाच्या मादीत तो अधिक आढळतो. मादी थरथरू लागली, धापा टाकू लागली, तर पिल्ले तिच्यापासून दूर करून तत्काळ दवाखाना गाठावा. तासाभराचा विलंबही जीवावर बेतू शकतो.

विण्यापूर्वी सुमारे एक दिवस मादीच्या अंगाची उष्णता उतरते. जोराच्या कळा देऊनही अर्ध्या तासात पिल्लू बाहेर न आल्यास, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून अधिक वेळ गेल्यास, किंवा पहिल्या पिल्लापूर्वीच हिरवट काळा स्राव दिसल्यास पशुवैद्यास बोलवावे. घरच्या घरी ओढाताण करू नये.

पिल्लांची निगा

वासराप्रमाणेच पिल्लासही पहिल्या दिवशी चीक मिळालाच पाहिजे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही; त्यांची जागा कोरडी, उबदार व वाऱ्यापासून आडोशाची असावी. प्रत्येक पिल्लाचे रोज वजन करावे. आठ ते दहा दिवसांत जन्माचे वजन दुप्पट व्हावयास हवे. वजन न वाढणारे पिल्लू आजारी समजावे. पोटातील जंत आईकडून गर्भातच व पुढे दुधातून पिल्लांना मिळतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास पशुवैद्याच्या प्रमाणाने जंतनाशक द्यावे. हे जंत लहान मुलांनाही उपद्रव देतात. पिल्लांची विष्ठा अंगणात पडू देऊ नये. डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांवरील पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचून ती सोळा आठवड्यांपर्यंत तीनचार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी. पिसाळ रोगाची लस तिसऱ्या महिन्यात द्यावी व पुढे पशुवैद्याने सांगितल्याप्रमाणे पुन्हा टोचावी.

घर ठरल्याखेरीज वेत घेऊ नये

लहान मादीस एका वेतात दोनचार पिल्ले होतात. तेवढी घरे आधी ठरलेली नसतील तर मिलन लांबणीवर टाकावे. न खपलेली पिल्ले बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला सोडून देण्याचा प्रकार क्रूर तर आहेच, शिवाय गावास घातक आहे. जगले वाचलेले पिल्लू लस न टोचलेले मोकाट कुत्रे बनते आणि पिसाळ रोगाचे भय गावातच राहते. हा रोग एकदा प्रकट झाला की त्यावर खात्रीचा इलाज नाही. तपासणीत अयोग्य ठरलेल्या मादीचे संतती प्रतिबंधक शस्त्रकर्म करून घेऊन तिला घरची सोबतीण म्हणून सुखाने ठेवावे. तिच्या ठायी दोष आहे म्हणून तिची माया कमी होत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

गावात कोणाकडे पैदाशीची मादी आहे याची यादी कार्यकर्त्याने ठेवावी व प्रत्येक घरी एक साधी वही सुरू करून द्यावी. तीत माजाची व मिलनाची तारीख, नराचा धनी, दोघांच्या तपासणीचा निकाल, विण्याची तारीख, पिल्लांची वजने, जंतनाशक व लसी यांची नोंद असावी. विक्रीच्या वेळी त्या नोंदीची नक्कल, दोष निघाला असल्यास त्याच्या उल्लेखासह, घेणाऱ्याच्या हाती द्यावी आणि त्यास पिल्लू सांभाळणे न जमल्यास ते परत घेण्याची तयारी ठेवावी. दुधात पाणी न घालणाऱ्या गवळ्याकडे गिऱ्हाईक स्वतः चालत येते. पिल्लांच्या व्यवहारातही तोच न्याय लागू पडतो. पुढील माजाची वाट पाहण्यापूर्वी या आठवड्यातच मादीस दवाखान्यात नेऊन तिचे गुडघे, डोळे व रक्त तपासून घ्यावे.