रक्तात उरलेली वेळ

बाळ जन्मलं आणि रडलं नाही. सिस्टरने पुसून कोरडं केलं, पाठ चोळली, तोंडावर मास्क ठेवून अंबू बॅग दाबली. मिनिटाभरात छाती हलली, ओठांवर गुलाबी छटा आली. बाहेर बसलेल्या आजीला निरोप गेला, ‘रडलं हो!’ पेण असो की रोहा, इथे सगळ्यांच्या जिवात जीव येतो. बाळाच्या मेंदूत मात्र पुढचे काही तास अतिशय विलक्षण घडामोडी चाललेल्या असतात.

ऑक्सिजन तुटला की मेंदूच्या पेशींची ऊर्जा संपत जाते. श्वास सुरू झाल्यावर ती बरीचशी भरूनही येते. आणि मग, सहा तासांनी, बारा तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, ती पुन्हा ढासळते. या वेळी ऑक्सिजन भरपूर असतो, तरीही! १९८०च्या दशकात लंडनमध्ये ऑस्मंड रेनॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय तंत्राने, डोक्याला टाचणीही न लावता, ही दुसरी घसरण बाळांच्या मेंदूत प्रत्यक्ष मोजली. पेशींचा मोठा नाश या दुसऱ्या लाटेत होतो. म्हणजे मधले तास मेंदू वाचवण्यासाठी मिळालेले असतात.

पण कोणत्या बाळावर ही लाट येणार? व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ साली सुचवलेले, जन्मताच दिले जाणारे गुण बाळाची त्या क्षणाची स्थिती सांगतात, दोन वर्षांनी ते चालेल-बोलेल का हे नाही. एमआरआय पुष्कळ सांगतो, पण काही दिवसांनी. उपचाराचा निर्णय तर सहा तासांत घ्यायचा असतो.

याच अडचणीवर नवजात बाळांच्या मेंदूवर संशोधन करणाऱ्या डॉ. सुधीन थय्यिल यांच्या गटाने रक्तात उत्तर शोधलं. भारतातल्या पन्नासाहून कमी बाळांचं जन्मानंतर सहा तासांच्या आत थोडं रक्त घेतलं आणि दीड वर्षाने त्यांची वाढ तपासली. अपंगत्व आलेल्या आणि न आलेल्या बाळांच्या रक्तात ८५५ जनुकांची सक्रियता वेगळी निघाली. इजा मेंदूला, आणि तिची खूण टाचेतून वाहणाऱ्या रक्तातही! अभ्यास लहान आहे, त्यावरून दवाखान्यात वापरायची चाचणी अजून झालेली नाही. तरी २०२१ सालचा हा निष्कर्ष वाचून मी थक्क झालो.

त्याच वर्षी याच गटाचा दुसरा, धक्कादायक निकाल आला. श्रीमंत देशांत अशा बाळांचं शरीर ७२ तास ३३.५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवतात आणि त्याने मेंदू वाचतात. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर हाच उपचार पारखला गेला. पेणहून मुंबईत शिरताना लागणारं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालयही त्यात होतं. अपंगत्व कमी झालं नाही, आणि थंड केलेल्या बाळांत मृत्यू ४२ टक्के, न केलेल्यांत ३१ टक्के. उपचार तोच, मग फळ उलटं का?

उत्तराचा धागा पुन्हा रक्तातच सापडला. २०२४ साली दोन्हीकडच्या बाळांच्या जनुकांची सक्रियता ताडून पाहिली. श्रीमंत देशांतल्या बाळांत एकाएकी ऑक्सिजन तुटल्याच्या खुणा होत्या. आपल्याकडच्या बाळांत खुणा होत्या त्या गरोदरपणात आणि कळांमध्ये ऑक्सिजन पुन्हा पुन्हा कमी पडल्याच्या. झोपेत वारंवार श्वास अडकणाऱ्या माणसांच्या रक्तात दिसतात तशा. म्हणजे सहा तासांचं घड्याळ बाळ बाहेर येण्याआधीच सुरू झालेलं असू शकतं. रडलं-न रडलं हा प्रश्न विचारायला आपण उशीर करतो आहोत.

पेणच्या डोंगरातल्या कातकरी-ठाकर वाडीतून कळा घेत खाली उतरणाऱ्या बाईच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. तिच्या पोटातल्या बाळाचे ठोके कळा चालू असताना ठरल्या वेळी मोजले जाणं, पार्टोग्राफ, म्हणजे कळांची प्रगती नोंदवायचा तक्ता, खरोखर भरला जाणं, अडलेली बाई वेळेत पुढे पाठवली जाणं, हे माझ्या मते कुठल्याही महागड्या यंत्राच्या आधी यायला हवं.

आणि तुमच्या घरातलं बाळ जन्मतः उशिरा रडलं असेल, तर डिस्चार्ज कार्डावर ती नोंद आहे का पाहा, आशाताईंना सांगा, आणि ते कितीही छान दूध पीत असलं तरी दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्या वाढीची एकही तपासणी चुकवू नका.