पहाटे न उठणारा ट्रक

आंधळगाव, मोहाडी, तुमसर या पट्ट्यात धानाचा हंगाम आणि थंडी एकाच सुमारास येतात. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी, मग पोती खरेदी केंद्रावर आणि तिथून राइस मिलकडे. जुना ट्रक घ्यायचा विचारही साहजिकच याच दिवसांत पक्का होतो. पण गाडी पाहायला जायचं ते जेवणं आटोपून, भर दुपारी, आणि ती काम करणार पहाटे पाचला. विकणारा सांगतो, "सकाळी जरा त्रास देते, बाकी इंजिन टकाटक आहे." यात खोटेपणा असेलच असं नाही, पण ते वाक्य अर्धवट असतं. सुरू व्हायला त्रास होणं हे ताप येण्यासारखं लक्षण आहे. त्यामागे शे-दोनशे रुपयांचा वॉशर असू शकतो, तसंच अख्खं इंजिन उघडून लायनर, पिस्टन आणि रिंगा बदलण्याचा खर्चही असू शकतो. यातलं काय आहे हे बऱ्याचदा अर्ध्या तासात कळतं. अट एकच, इंजिन रात्रभर उभं राहून पुरतं थंड झालेलं हवं. म्हणून किंमत ठरवण्याआधी त्रासाचं कारण ठरवावं, असं माझं ठाम म्हणणं आहे. आपल्याकडे नेमका याच्या उलटा क्रम चालतो.

सर्वात पसरलेला समज असा की थंडीत डिझेल गोठतं, म्हणून हिवाळ्यात सगळेच ट्रक त्रास देतात. डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होतं हे खरं, पण त्याला लागणारी थंडी वेगळी. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं, ते तिथल्या हाडं गोठवणाऱ्या हिवाळ्यामुळे. भंडारा जिल्ह्यात पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरतो. तेवढ्याने टाकीतलं चांगलं डिझेल अडत नाही. थंडीचा खरा मार दुसरीकडे बसतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-सतरा पटींनी दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. कागदावर हिशेब केला तर दुपारी ३० अंशांची हवा दाबल्यावर साधारण ५४० अंशांपर्यंत जाते, पहाटेची १० अंशांची हवा ४९० च्या घरात राहते. बाहेर वीस अंशांचा फरक, तर आत पन्नासाचा. धडधाकट इंजिनाला हा फरक पचतो. रिंगा झिजल्या असतील किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसतील, तर हवा निसटते, उष्णता हवी तेवढी होत नाही आणि तेच इंजिन पहाटे हटून बसतं. दुपारी मात्र ते एका सेल्फमध्ये उठतं. म्हणजे थंडी रोग निर्माण करत नाही, असलेला रोग उघड करते. दुपारी घेतलेली परीक्षा इंजिनाला ग्रेस मार्क देऊन घेतलेली परीक्षा असते.

दुसरा समज बॅटरीचा. "नवी बॅटरी टाका, प्रश्न मिटला." कधी कधी खरंच मिटतो, म्हणूनच हा समज इतका टिकून आहे. पण बॅटरीची तपासणी फार सोपी आहे आणि तिच्यावर अंदाजाने दोष ढकलायची गरजच नाही. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. बाजारातला साधा मल्टिमीटर लावला तर भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना तो आकडा खाली येतो. नऊ-साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी थकलेली आहे किंवा तिच्यावर नको इतका भार येतोय. आकडा टिकून आहे आणि तरी इंजिन जड फिरतंय, तर सेल्फ किंवा केबल पाहायची. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि चासीला जोडलेली सैल अर्थिंग यांनी कित्येक चांगल्या बॅटऱ्या बदनाम केल्या आहेत. आणि आकडाही ठीक, सेल्फही जोरात फिरतोय, पण गाडी उठत नाही, तर बॅटरीचा विषय तिथेच संपतो. मग कान द्यावा. निरोगी इंजिन सेल्फवर एकसारख्या ठेक्यात फिरतं, प्रत्येक सिलिंडर दाबताना सारखाच अडखळतो. ठेक्यात मध्येच एक घाव हलका पडून इंजिन क्षणभर सुटल्यासारखं पळत असेल, तर त्या सिलिंडरमध्ये दाब धरत नाही. हे ऐकायला कोणतंही यंत्र लागत नाही, फक्त आजूबाजूला शांतता लागते.

इथून पुढे सायलेन्सर बोलतो. सेल्फ चालू असताना धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही. "थंडीत पांढरा धूर येतोच" हे अर्धसत्य आहे. इंजिन उठल्यावर मिनिटभरात तो विरला तर ठीक, पाच-दहा मिनिटं रेंगाळला तर कॉम्प्रेशनची किंवा नोझलची शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. यातली पहिली स्थिती दिसायला भयंकर, पण पुष्कळदा स्वस्तात सुटणारी. रात्रभरात कुठल्यातरी सैल जोडातून लाइन हवा घेते आणि डिझेल टाकीकडे परत उतरतं. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या गाडीत फीड पंपाजवळ हाताने दाबायचा प्रायमर असतो. तो दाबत राहावं. आधी पोकळ लागतो, मग हळूहळू हाताला जड लागू लागतो. तो जड झाल्यावर गाडी लगेच उठली, तर दोष बहुधा तांब्याचा वॉशर, रबरी नळी, फिल्टरचं सील किंवा झडप एवढ्यातच आहे. अशी गाडी "त्रासाची" म्हणून कमी भावात मिळत असेल, तर खुशाल घ्यावी. फिल्टरखालचा नळ सोडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन ठेवावं. पाणी असेल तर पंधरा मिनिटांत तळाशी वेगळा थर दिसतो.

"धक्का मारला की लगेच सुरू होते, म्हणजे इंजिन चांगलं" हा समज जास्त महागात पडतो. धक्क्याने किंवा उतारावर इंजिन सेल्फपेक्षा वेगाने फिरतं. वेगाने फिरलं की झिजलेल्या रिंगांतून हवा निसटायला वेळ कमी मिळतो आणि दाब पुरेसा होतो. म्हणजे धक्का जसा सेल्फची कमतरता भरून काढतो, तसाच कॉम्प्रेशनची कमतरताही झाकतो. तोच प्रकार हवेच्या नळीशी पेट्रोलचा बोळा धरण्याचा किंवा स्प्रे मारण्याचा. ती वाफ वेळेआधी पेटते, पिस्टनवर उलटा घाव बसतो, रिंगांच्या खाचा तुटू शकतात. शिवाय सवय लागलेल्या इंजिनाची खरी प्रकृती कुणालाच कळत नाही. एअर क्लीनरच्या तोंडाशी बोळ्याच्या काळ्या खुणा दिसल्या तर सावध व्हावं. हीटर प्लगवर खापर फोडण्यातही फारसा अर्थ नाही. जुन्या जीप-कारच्या काही इंजिनांत ते अत्यावश्यक होते. आपल्याकडच्या मोठ्या ट्रकच्या इंजिनांत डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जातं आणि त्यांत बहुतेक वेळा हे प्लग नसतातच.

नव्या गाड्यांबद्दलचा समज उलट्या टोकाचा: सगळं सेन्सरवर आहे, आपल्याला काय कळणार. देशभर बीएस-४ १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून लागू झालं, आणि या गाड्यांत कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना दाबाखालचं डिझेल पुरवणारी एकच सामाईक नळी, सर्रास आली. तिच्यात रेलमधला दाब साधारण दोनशे बारच्या पुढे गेल्याशिवाय कॉम्प्युटर नोझल उघडत नाही. एखादं झिजलेलं नोझल दाब टिकू देत नसेल, तर सेल्फ कितीही मारा, गाडी ढिम्म. पण हे मोजता येतं: स्कॅनरवर दाबाचा आकडा दिसतो आणि प्रत्येक नोझलमधून परत येणारं डिझेल वेगळ्या बाटलीत धरलं की चोर सापडतो. अशी गाडी पाहायला स्कॅनर असलेला मिस्त्री बरोबर न्यावा. त्याची मजुरी नोझलच्या एका संचाच्या खर्चापुढे काहीच नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. जुना ट्रक स्वस्त मिळतोय तो त्रासासकट मिळतोय, गावातला मिस्त्री काहीही नीट करतो, मग एवढी चिकित्सा कशाला? मिस्त्रीच्या हाताबद्दल वाद नाही. पण त्याने नीट करायचं ते कुणाच्या पैशाने, हा प्रश्न उरतो. त्रासाची सूट म्हणून वीस हजार मिळाले आणि रिंग-पिस्टनचं काम त्याच्या कितीतरी पट निघालं, तर तो सौदा स्वस्त नव्हता. शिवाय इंजिन उघडलं की गाडी उभी, आणि ती उभी राहणार ऐन धानाच्या दिवसांत, हप्ता मात्र चालूच. त्रास देणारं इंजिन कधी कधी आधीच बदललेलंही असतं, म्हणून ब्लॉकवर कोरलेला नंबर घासून स्वच्छ करावा आणि आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून पाहावा. तो जुळत नसेल आणि बदलाची नोंद आरटीओत झालेली नसेल, तर फिटनेसला अडचण येणार, आणि आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: विकणारा पहाटे बोलावेल कशाला? ज्याला आपल्या इंजिनाची खात्री आहे त्याला यात गमवायला काही नाही, म्हणून विचारायला संकोच नको. संध्याकाळी जाऊन गाडीचं मीटर रीडिंग लिहून घ्यावं आणि सकाळी सातच्या आत पुन्हा जाऊन आधी ब्लॉकवर, मग मॅनिफोल्डवर तळहात ठेवावा. लोखंड गार लागलं तरच चावी फिरवू द्यावी. कोमट लागलं, तर कुणीतरी आधीच गाडी चालवून ठेवली आहे, त्या दिवशी परत यावं. इसार द्यायचाच असेल, तर चिठ्ठीवर एवढं लिहून घ्यावं की उद्या सकाळी थंड इंजिन माझ्यासमोर, धक्का आणि स्प्रेशिवाय, सेल्फवर सुरू झालं नाही, तर इसार परत.