स्वदेशी वस्तरा आणि नवशिका

गोंदियाच्या पेठेत तांदळाच्या नाना वाणांपासून तेंदूपानांच्या विड्यांपर्यंत असंख्य जिन्नस मिळत असले, तरी घरच्या घरी जुन्या पद्धतीने श्मश्रू करण्याची ज्याला हौस उपजली आहे, आणि त्यासाठी लागणारा वस्तरा याच देशात घडलेला असावा असा ज्याचा आग्रह आहे, त्या गृहस्थाला न्हाव्याच्या सामानाच्या दुकानात पहिल्याच फेरीत चकित व्हावे लागते. कारण दुकानदार निःशंक मनाने त्याच्यापुढे जो देशी वस्तरा ठेवतो, त्याला स्वतःची धारच नसते. मिटणारी मूठ, एक पोलादी पट्टी आणि तिच्या खाचेत सरकवायचे अर्धे पाते, एवढाच त्याचा संसार. दुधारी पाते कागदी वेष्टनासकट मधोमध वाकवून कट्‌दिशी मोडायचे, अर्धे खाचेत बसवायचे आणि एक दाढी आटोपली की टाकून द्यायचे, हा आता केशकर्तनालयांचा सर्वमान्य दस्तूर झाला आहे. रक्तावाटे पसरणाऱ्या काविळीचे भय होतेच. १९८६ साली या देशात एड्सच्या विषाणूची पहिली नोंद झाल्यावर लोकांनी नव्या पात्याचा हट्ट धरला, तो रास्तच होता. अखंड पात्याचा वस्तरा मात्र त्यामुळे धोकटीच्या तळाशी गेला.

यातली विसंगती इतिहास पाहिला म्हणजे अधिक जाणवते. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तेथील लोहार बंद मुशीत लोखंड वितळवून जे पोलाद काढीत, ते नेण्यासाठी इराणी सौदागर मुद्दाम येत असत. हिंदुस्थानच्या याच जातीच्या पोलादाची कीर्ती लंडनपर्यंत पोचली होती. तेथील स्टोडार्ट नावाच्या शस्त्रकाराने आपले वस्तरे आणि शल्यक्रियेची हत्यारे या पोलादाची असल्याचे आपल्या जाहिरातीत अभिमानाने छापले, आणि त्याच्याच सहकार्याने तरुण मायकेल फॅरेडेने पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग करून १८२० व १८२२ साली निबंध प्रसिद्ध केले. पुढे मात्र शेफील्ड आणि झोलिंगेन येथील कारखान्यांनी बाजार काबीज केला. पंजाबातील वजिराबादसारखे सुऱ्या-कात्र्यांचे नामांकित ठाणे १९४७ च्या फाळणीत सरहद्दीपलीकडे राहिले. आणि जिलेटला १९०४ साली पेटंट मिळालेल्या सुरक्षित वस्तऱ्याने तर घरगुती गिऱ्हाईकच पळवले. आपल्याकडेही ठाण्याच्या सुपरमॅक्सने पात्यांचा मोठा व्यापार उभारला, तो टाकाऊ पात्यांचाच.

मग गावच्या लोहाराकडून वस्तरा घडवून घ्यावा काय? देवरी-आमगावकडच्या आठवडी बाजारात विळे, कोयते, कुऱ्हाडी मांडून बसणाऱ्या कारागिराच्या हातात कसब निश्चित आहे. परंतु तो बहुधा ज्यावर घण घालतो तो मोटारीचा कमानपाटा चिवट असला, तरी त्यात कार्बनचे प्रमाण बेताचेच असते, आणि केसाएवढी सूक्ष्म धार त्यावर टिकत नाही. त्यापेक्षा झिजलेली जुनी कानस उत्तम. तिच्यात कार्बन शेकडा एकच्या आसपास असतो. ती तापवून मऊ करावी, घडवावी, पुन्हा लालबुंद करून तेलात विझवावी, आणि मग मंद आचेवर वाळल्या गवतासारखी पिवळसर झाक येईपर्यंत तिचा ठिसूळपणा उतरवावा. खरी मेख मात्र आकारात आहे. पात्याची पाठ त्याच्या रुंदीच्या सुमारे चौथाई जाडीची हवी, कारण दगडावर घासताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात व धारेचा कोन पाठच ठरवते. ही पाठ चुकली तर पोलाद कितीही अव्वल असले तरी व्यर्थ.

दुसरा मार्ग वयोवृद्ध न्हाव्याकडे जाण्याचा. त्याच्याकडे एखादा जुना वस्तरा असलाच, तर धारेलगत गंजाचे खड्डे नाहीत ना आणि काचेवर पालथा ठेवता पाते डुगडुगत नाही ना, एवढे पाहावे. त्याच्या शेपटाशी शेफील्डचा वा झोलिंगेनचा छाप निघाला, तर स्वदेशीच्या अभिमान्याने खट्टू होऊ नये. ज्याने दोन-तीन पिढ्या इथल्याच दाढ्या केल्या, त्याला परका म्हणणे आम्हांला तरी कद्रूपणाचे वाटते.

नवशिक्याने आरंभ मात्र अर्ध्या पात्याच्याच वस्तऱ्याने करावा. तो देशी आहे, स्वस्त आहे, आणि कातडी ताणून, पाते गालाशी सुमारे तीस अंशांत धरून, केसांच्या वळणाने हात चालवण्याची तालीम त्यावर पुरेशी होते. अखंड वस्तरा घ्यायचाच झाला, तर त्याच्याबरोबर हजार आणि आठ हजार नंबरांचे दोन दगड आणि चामड्याचा पट्टा यांचा खर्च आधीच हिशेबात धरावा. पट्ट्यावर पाते नेहमी पाठीच्या दिशेने ओढावे, उलट ओढले तर पट्टा आणि धार दोन्ही जातात. धानाच्या या मुलखात पावसाळ्याची दमट हवा पोलादाला एका रात्रीत डाग पाडते, म्हणून वापरानंतर पाते कोरडे करून शिलाईयंत्राचे तेल बोटभर फिरवावे. खोबरेल पुढे चिकट होते. पहिली धार जाणत्या न्हाव्याकडून लावून घ्यावी आणि तिची मजुरी घासाघीस न करता द्यावी. आणि आपला वस्तरा, मग तो कितीही स्वच्छ धुतलेला असो, घरातल्या दुसऱ्या कोणाच्याही गालाला लावू देऊ नये.