उतरणीची पंचावन्न वर्षं

आमच्या उंद्रीत बर्फ म्हणजे गारा. उभा हरभरा झोपवणाऱ्या. चिखली तालुक्यातल्या या काळ्या रानात राहून मी हिमालय स्कीवरून उतरणाऱ्यांची वही ठेवतो. १९९८ला सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, तेव्हापासून चढणाऱ्यांचं कौतुक आपल्याकडे भरपूर होतं, आणि व्हायलाच हवं. उतरणाऱ्यांची दखल मात्र फारशी कुणी घेत नाही.

पहिली उतरण ६ मे १९७०ची. जपानचे युइचिरो मिउरा एव्हरेस्टच्या साउथ कोलवरून, जवळपास आठ हजार मीटरवरून, पाठीला पॅराशूट बांधून सुटले. विरळ हवेत पॅराशूट कामाला आलं नाही. ते पडले, शेकडो मीटर घसरले आणि एका प्रचंड भेगेच्या अलीकडे कसेबसे थांबले. सगळं मिळून अडीच मिनिटंही नाहीत. त्यावरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. पण त्याच मोहिमेत खुंबूच्या हिमधबधब्यात सहा शेर्पा गेले. माझ्या वहीत त्यांची नोंद मिउरांच्या आधी आहे.

७ ऑक्टोबर २०००ला स्लोव्हेनियाचे दावो कारनिचार एव्हरेस्टच्या माथ्यावरून बेस कॅम्पपर्यंत स्की न काढता उतरले. पाच तासही लागले नाहीत. २०१८ला पोलंडचे आंद्रेई बार्गिएल के-टूवरून तसेच उतरले.

पन्नास अंशांच्या उतारावर स्कीची फक्त पोलादी कड बर्फात रुतते. प्रत्येक वळणाला उडी मारून स्की हवेतच फिरवायच्या. कड सुटली की संपलं. तरी मला जास्त धास्ती वाटते ती तीस ते पंचेचाळीस अंशांच्या, दिसायला सोप्या उतारांची. ज्वारीच्या दाण्यांवर पाट ठेवून जमीन तिरकी झाली असं समजा: पाट अख्खा सरकेल. बर्फातही खाली साखरेसारखा सुटा थर असतो, वर वाऱ्याने दाबून बसवलेला घट्ट. एका माणसाच्या भाराने वरचा थर तडकतो आणि अख्खा उतार चालू लागतो. १ फेब्रुवारी २०२३ला गुलमर्गच्या अफरवाटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले.

२६ सप्टेंबर २०२२. मनास्लूच्या माथ्यावरून स्कीपटू हिलरी नेल्सन आणि त्यांचे जोडीदार जिम मॉरिसन उतरायला लागले. लहानसंच हिमस्खलन, पण नेल्सन यांना कड्यावरून घेऊन गेलं. ती नोंद लिहून मी वही वर्षभर उघडली नव्हती.

मग गेल्या वर्षीची, म्हणजे २०२५ची नोंद. एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला हॉर्नबाइन घळ आहे. २००२ला फ्रान्सचा मार्को सिफ्रेदी, अवघ्या तेविसाव्या वर्षी, स्नोबोर्डवरून त्या घळीकडे निघाला आणि पुन्हा दिसलाच नाही. १५ ऑक्टोबर २०२५ला मॉरिसन त्याच घळीतून स्कीवरून सुमारे चार तासांत खाली आले. निघण्याआधी माथ्यावर त्यांनी हिलरींची रक्षा वाऱ्यावर सोडली होती.