फोर्कलिफ्टसाठी इशाऱ्याचे भोंगे व दिवे कसे निवडावेत?

द्राक्षांची प्रतवारीगृहे व शीतगृहे आपल्याकडे वाढल्यापासून पूर्वी हमालांच्या पाठीवरून जाणारा माल फोर्कलिफ्ट यंत्राच्या काट्यांवरून जाऊ लागला आहे, हे वाचकांस विदित आहेच. पुष्कळ ठिकाणी हे यंत्र सहकारी संस्थेचे, म्हणजे पर्यायाने आपलेच असते. तेव्हा त्याखाली कोणी सापडू नये ही जबाबदारीही आपलीच होय. इशाऱ्याची साधने घेताना बहुधा किमतीकडे पाहिले जाते, जागेकडे पाहिले जात नाही. म्हणून या विषयाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम धोक्याचे स्वरूप पाहू. पुढे क्रेटांची उंच थप्पी असली की चालकास समोरचे दिसत नाही, म्हणून तो यंत्र मागे मागे चालवितो. शिवाय या यंत्राची मागील चाके वळतात. त्यामुळे वळताना त्याची पिछाडी बाहेर फेकली जाते आणि कडेने जाणारा मनुष्य भिंत व यंत्र यांच्यामध्ये सापडतो. विजेवर चालणाऱ्या यंत्राची तर चाहूलही फारशी लागत नाही. ताशी १० किलोमीटर वेगाने येणारे यंत्र एका सेकंदात सुमारे पावणेतीन मीटर अंतर कापते.

आता भोंग्याविषयी. बाजारात सुमारे ७७ पासून ११२ डेसिबलपर्यंत आवाजाचे भोंगे मिळतात. जितका मोठा तितका चांगला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. आवाज १० डेसिबलने वाढला की तो कानास सुमारे दुप्पट भासतो, आणि ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काढल्यास श्रवणशक्तीस अपाय होतो, असे तज्ज्ञ मानतात. कर्कश भोंगा दिवसभर वाजत राहिला म्हणजे मजुरांचे कान त्याला सरावतात, अथवा कोणीतरी कंटाळून त्याची तारच काढून ठेवतो. सबब आजूबाजूच्या गलबल्याहून पाच ते दहा डेसिबलने वर राहील एवढा आवाज पुरे. गलबला पाहून आपला आवाज आपणच कमीजास्त करणारे भोंगेही मिळतात. ते घेणे इष्ट. दुसरे असे की, ‘टीं टीं’ असा एकसुरी आवाज गुदामाच्या भिंतींवर आपटून घुमतो आणि यंत्र कोणत्या बाजूने येत आहे ते कळत नाही. फवाऱ्याच्या फसफसण्यासारखा, अनेक स्वर मिसळलेला आवाज करणाऱ्या भोंग्याची दिशा कानास चटकन समजते, व शेजारच्या वस्तीसही त्याचा उपद्रव कमी होतो.

परंतु प्रतवारी करणाऱ्या बाया कानांवरून फडके बांधतात, आणि पंख्यांची घरघर चालू असते. तेथे केवळ भोंग्यावर विसंबून चालणार नाही. अशा ठिकाणी जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा उपयोगी पडतो. यंत्र आडवळणावरून बाहेर पडण्यापूर्वीच त्याचा प्रकाश काही मीटर पुढे येतो. दोन्ही अंगांस तांबडी रेघ पाडणारे दिवे ही तर यंत्राची लक्ष्मणरेषाच. पिछाडी फिरते त्या जागेपासून माणसास दूर ठेवण्यास ती चांगली. मात्र उघड्या आवारात भर उन्हात जमिनीवरचा प्रकाश दिसेनासा होतो. तेथे यंत्राच्या माथ्यावर लुकलुकणारा पिवळा दिवाच हवा, व तो कोणाचे डोळे दिपणार नाहीत इतक्या उंचीवर असावा.

खरेदीपूर्वी यंत्राच्या बॅटरीचा दाब पाहावा. तो २४, ३६, ४८ वा ८० व्होल्ट असू शकतो. शीतगृहातून उष्ण हवेत येताच काचेवर दव धरते, म्हणून पाणी व धूळ आत न शिरणारा बंदिस्त दिवाच घ्यावा. दिवे बसविण्यासाठी चालकाच्या डोक्यावरील संरक्षक छतास भोके पाडू नयेत वा जोडकाम करू नये. त्याने छताचे बळ घटते. उभ्या यंत्रावर निळा दिवा जळत राहू नये, अशी जोडणी असावी. विनाकारण दिलेला इशारा पुढे खराही मानला जात नाही.

साधन बसविल्यावर हंगामातील सर्वांत गलबल्याच्या वेळी परीक्षा घ्यावी. कानांवर फडके बांधून प्रत्येक वळणावर व दारात उभे राहावे, आणि यंत्र कोणीकडून येते हे ते दिसण्यापूर्वी ओळखता येते काय ते पाहावे. जेथे ओळखता येत नाही तेथे साधनाची निवड चुकली असे समजावे.

शेवटी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. भोंगा वाजतो, दिवा दिसतो. पण यंत्र थांबवितो तो चालकच. पाच मीटर पुढे पडलेला ठिपका वरील वेगाने येणाऱ्या यंत्राची सूचना दोन सेकंदही आधी देत नाही. म्हणून वेग कमी ठेवणे, पायी चालणाऱ्यांची वाट कठड्याने वेगळी करणे आणि हंगामापुरत्या आलेल्या मजुरांस पहिल्याच दिवशी या खुणांचा अर्थ त्यांच्या भाषेत समजावून देणे, ही कामे आधी करावीत. दिवे व भोंगे त्यांच्या मदतीस असावेत.